एका हातानं नेसलेलं लुगडं

आमच्या रिहॅब सेंटरमध्ये नवीन नर्स आली की पहिले काही दिवस तिला हात पाठीमागे बांधून उभं करतात. मलाही केलं होतं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू फक्त बघ. पेशंट पडायला लागला तरच हात पुढे आणायचा."

त्या पहिल्या सकाळी एक काका कॉटच्या कडेला बसून शर्टाचं बटण लावत होते. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि डावा हात या कामाला नवखा होता. बटण काजाच्या तोंडापर्यंत यायचं आणि निसटायचं. पुन्हा यायचं, पुन्हा निसटायचं. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत गुंतून दुखायला लागली. आधी मी ज्या हॉस्पिटलमध्ये होते, तिथे पेशंट असा झगडत असताना नुसती उभी राहिलेली नर्स कामचुकार ठरली असती. तिथे पुसणं, भरवणं, कपडे चढवणं, सगळं आम्ही करायचो आणि भराभर करायचो. इथे घाई केली की सिस्टर विचारतात, "तू जाणारेस का त्यांच्याबरोबर घरी?"

काकांचं बटण लागलं तेव्हा पोहे थंड झाले होते. त्यांनी छातीवरून एकदा हात फिरवला आणि बशी पुढे ओढली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

सेंटर अंबरनाथला आहे, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन मजल्यांचं. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो आणि आम्ही खिडक्या लावून घेतो. मी विठ्ठलवाडीहून शेअर रिक्षानं येते. सकाळच्या रिक्षात पहिल्या पाळीचे कामगार असतात, अर्धवट झोपेत, डबा मांडीवर. कोणी बोलत नाही, त्यामुळे तो प्रवास मला आवडतो. मी लहानपणापासूनच कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मराठीत बोललं की टीचर रागवायच्या आणि चाळीत इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की "आल्या मडम" असं व्हायचं. मग दोन्हीकडे गप्प राहणं सोपं पडायला लागलं. सेंटरमध्ये मात्र कळलं की गप्प उभं राहता येणं हेही कामाचंच आहे.

मावशी आल्या त्या नवरात्र संपता संपता. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्यावर त्यांचं गाव. घरची शेती होती, बरीचशी विकून झालेली. मेंदूला झटका येऊन डावी बाजू गेली होती. वाचा शाबूत होती. मोठ्या फुलांचा गाऊन घालून त्या व्हीलचेअरवर बसल्या होत्या आणि गाऊनवर, छातीवरून खांद्यावर, एक टॉवेल घेतला होता. टॉवेल घसरला की त्या उजव्या हातानं तो पुन्हा वर घ्यायच्या. मला वाटलं थंडी वाजत असेल, म्हणून मी पंखा कमी केला. तरी टॉवेल तसाच. संध्याकाळी लक्षात आलं की तो पदर होता.

आमच्याकडे प्रत्येक पेशंटला आल्यावर विचारतात, तुम्हाला काय करता यायला हवं? आमचं सगळं काम मग त्या उत्तरावर उभं राहतं. बहुतेक जण म्हणतात चालायचंय. कारखान्यातले म्हणतात कामावर जायचंय. मावशींना हे विचारलं आमच्या थेरपिस्ट मॅडमनी. आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामं पुन्हा शिकवणं हे त्यांचं काम.

"मना लुगरं नेसाचंय," मावशी म्हणाल्या.

मॅडम हसल्या, पण प्रेमानं. "नेसू या. पण आधी चालायचं ना?"

"चालून कुटं जाऊ? असली झबली घालून?"

त्यांची सून मागे उभी होती. अंबरनाथलाच एका पॅकिंगच्या कंपनीत ती कामाला होती आणि रोज सुटल्यावर स्कूटीवरून तशीच सेंटरला यायची. ती घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे लग्न आहे शेजारी. आई धवलारीण आहेत."

मॅडमना ते कळलं नाही आणि मलाही कळलं नव्हतं. सुनेनं सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं. त्याला धवला म्हणतात. देवांना लग्नाचं आमंत्रणसुद्धा तीच गाऊन देते. गावातल्या कितीतरी लग्नांत मावशी बसल्या होत्या. आता तुळशीच्या लग्नानंतर शेजारच्या मुलीची हळद होती आणि त्या मुलीच्या आईच्या लग्नातही मावशींनीच धवला गायला होता.

"मी नाय गेली तर मोबाईलवर लावतील," मावशी म्हणाल्या. "ते डबे आलेत ना, विनावायरचे. डबा बोलावतो देवाला. देव आला का नाय, कोन बघतंय."

लग्नाला अजून काही आठवडे होते. मॅडमनी सुनेला विचारलं, "तुम्हाला येतं का नेसवायला? म्हणजे निदान त्या दिवशी..."

सून खाली बघून म्हणाली, "मला नाही येत. घरात त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही."

मलाही येत नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला एकदा शिवलेली नऊवारी घातली होती तेवढीच. ड्युटी संपल्यावर घरी जाऊन मी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि आईनं जपून ठेवलेली एक जुनी नऊवारी लेगिंग्जवरून गुंडाळायला लागले. आई दारात उभी राहून बघत होती. "माझी आजी नेसायची," ती म्हणाली. "रोज डोळ्यांसमोर नेसायची. आपण शिकून घ्यावं असं काही मनात आलं नाही." मग ती कणीक मळायला निघून गेली, पण मधूनमधून येऊन बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड झोपलेला असताना, मी युनिफॉर्मवरूनच मावशींना नेसून दाखवलं. निऱ्या पायघोळ, काष्टा मागे. माझे कान तापले होते. मावशींनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तमाशाला चाललीस का गो?"

"व्हिडिओत असंच होतं, मावशी."

"ते पुन्याकडलं असंल. आमी चिखलान काम करनारी मानसं. आमचं इथवर." त्यांनी आपल्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "ये हिकरं. फेड ते."

मग मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि त्या खुर्चीत बसून मला नेसवायला लागल्या. त्यांना एकच हात होता, म्हणून दुसरा हात मी द्यायचा. "धर. वढ. इतकं नाय. पोट आत घे, जेवली नायस काय?" त्यांचा उजवा हात माझ्या कमरेवरून फिरत होता, चापत होता, खोचत होता. मला कोणी हात लावलेला आवडत नाही. बहिणीनं गळ्यात हात टाकला तरी मी हळूच सुटते. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसाचं हे विचित्रच आहे. त्या दुपारी मी सुटले नाही. मावशींना तो हात कुठे ठेवायचा ते इतकं पक्कं माहीत होतं की माझ्या लाजण्याला जागाच उरली नाही.

नेसून झाल्यावर मी वॉर्डात चार पावलं चालून पाहिलं. पायात काही येत नव्हतं. गाऊनचं तसं नसतं. बाथरूममध्ये एका हातानं दांडा धरायचा की घोळ वर उचलायचा, हा प्रश्न रोज यायचा आणि रोज गाऊनचा काठ ओला व्हायचा. मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलंय की. पण पहिली गाठ कशी मारणार? ती दोन हातांचीच आहे."

खरी अडचण तीच होती. लुगड्याचा आखूड शेव, म्हणजे एका बाजूचं टोक, आणि लांब भाग कमरेभोवती आणून बेंबीपाशी गाठ मारायची. तिच्यावर बाकी सगळं उभं. निऱ्या एका हातानं घालता येतात, काष्टा एका हातानं खोचता येतो. गाठ मारताना मात्र एक टोक कोणीतरी धरावंच लागतं. आम्ही दातात धरून पाहिलं, तर मान वाकायची आणि तोल जायचा. टोक कॉटच्या दांड्याला अडकवून पाहिलं, तर सुटायचं.

या भानगडीत समोरच्या खोलीतले दादा पडले. ते सिंधी होते. विठ्ठलवाडीजवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प दोनमध्ये, त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन ते आमच्याकडे आले होते. वॉकर टेकत ते पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक दारात थांबून चौकशी करायचे. मावशींच्या मुलानं एक दिवस मार्केटमधून शिवलेली नऊवारी आणली. कमरेला इलॅस्टिक, बाजूला चिकटपट्टी. मावशींनी ती बसल्याबसल्या, कोणाच्याही मदतीशिवाय चढवली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मुलानं फोटो काढला. दारातून दादा म्हणाले, "ये तो गैदरिंग का माल है, साईं. नाचनेवाली बच्चियाँ ले जाती हैं."

"दादा, चूप बैठो," मी म्हटलं. पेशंटशी मी इतकं मोकळं बोलत नसे. पण मावशींचा चेहरा मी बघत होते.

मुलगा निघेपर्यंत त्यांनी ती अंगावर तशीच ठेवली. तो गेल्यावर चिकटपट्टी ओढून काढली. तिचा कर्रकन आवाज झाला. एका हातानं मांडीवर घडी घातली आणि म्हणाल्या, "चांगली हाय. कुना पोरीला दे."

"का हो मावशी? जमलं होतं की."

"कापलेलं हाय ते. कापलेल्या कापडान मी देवाला नाय बोलावत."

दादा अजून दारातच होते. आता ते दुकानदाराच्या आवाजात बोलले. "बेटा, गाठ के लिए नया कपड़ा मत लेना. फिसलता है. पुराना सूती लाओ, धुला हुआ. वो पकड़ता है."

दुसऱ्या दिवशी सुनेनं घरून जुनं लुगडं आणलं. हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते माझ्या हातात देताना ती जिन्यातच थांबली.

"सिस्टर, एक सांगू? त्या दिवशी आई बाथरूममध्ये पडल्या ना. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर त्यांचं लुगडं कापावं लागलं. कात्रीनं, इथून खालपर्यंत." तिनं स्वतःच्या कमरेपासून बोट खाली नेलं. "मी म्हटलं, थांबा, मी गाठ सोडते. पण मला सुटेना. ओढत होते तशी घट्टच होत होती. ते म्हणाले, ताई, वेळ नाही."

"ते कापतातच," मी म्हटलं. "मीही कापलेत कपडे."

"हो, पण त्यांची सून असून मला गाठ सुटली नाही. आता मी म्हणते मी शिकते, मी नेसवते, तर नको म्हणतात. तुम्हाला हात लावू देतात, मला नाही."

मी तिच्या हातातली दुसरी पिशवीही घेतली आणि आम्ही वर गेलो.

रोज संध्याकाळी मावशींची डावी मूठ उघडणं माझ्याकडे होतं. झटक्यानंतर पुष्कळांचा हात असा आवळला जातो. बोटं आत वळतात आणि आपण होऊन उघडत नाहीत. आतला तळवा घामानं कुबट होतो, नखं रुततात. कोमट पाण्यात हात ठेवून, अंगठ्यापासून सुरुवात करून, एकेक बोट उकलायचं. जोर केला की ते आणखी आवळतं. मग तळवा धुवायचा, कोरडा करायचा आणि टॉवेलची गुंडाळी आत ठेवायची. या वेळात मावशी बोलायच्या, बहुतेक माझ्याकडे न बघता.

त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सून काय सांगत व्हती जिन्यान?"

मी बोट उकलत राहिले.

"लुगरं कापलं ते सांगत असंल. तिला वाटतं मना कायच कललं नाय. मी शुद्धीवर व्हते. बोलता येत नव्हतं, पन कलत व्हतं सगलं. रडत व्हती ती. गाठ वढत व्हती आनि रडत व्हती. तिचं पानी माज्या पोटावर परत व्हतं." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल वर घेतला. "म्हून तिला नाय सांगत मी, गाठ मार म्हून. परत रडंल."

"तुम्ही हे तिला सांगा ना."

"मना नाय जमत तसलं बोलाया."

मलाही जमत नाही. करंगळी उघडली. आम्ही दोघी त्या पांढऱ्या पडलेल्या तळव्याकडे बघत बसलो.

गाठीचा मार्ग निघाला तो खोकल्यातून. दोन-चार दिवसांनी आम्ही सराव करत होतो. मावशी कॉटच्या कडेला बसल्या होत्या आणि हिरव्या लुगड्याचा आखूड शेव त्यांच्या डाव्या हाताखाली मांडीवर होता. त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकताना, जांभई देताना, उठायला जोर लावताना असा हात आपोआप आणखी आवळतो. तसा तो आवळला आणि शेव मुठीत सापडला. मी तो काढायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"मावशी, ओढून बघा."

त्यांनी उजव्या हातानं लांब भाग घेऊन ओढला. मूठ हलली नाही.

"अगो बाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी उजव्या हातानं लांब भागाचा वेढा त्या शेवाभोवती घातला, खालून बोट घालून बाहेर काढला आणि गाठ आवळली. पहिली गाठ सैल होती, पण गाठ होती.

मॅडमना बोलावून दाखवलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि लगेच गंभीरही झाल्या. "दिवसभर आपण ही मूठ उघडतोय. आता तिनंच धरायला सांगायचं? सवय लागेल आवळायची."

अशा वेळी मी सहसा मान हलवून बाजूला होते. त्या दिवशी मी म्हटलं, "गाठीपुरतीच, मॅडम. गाठ झाली की मी लगेच उघडीन. घरी त्यांची सून उघडेल. तिला मी शिकवते."

मॅडमनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "सोडत नाय तर नाय. धरते तरी. फुकट बसून खाते ती, करू दे की काम." मॅडमना हसू आलं आणि त्यांनी होकार दिला.

सुनेला मी मूठ उघडायला शिकवली. ती फार भराभर करायची, पॅकिंगच्या पट्ट्यावर काम करायची सवय. "हळू," मी म्हणायचे. मावशी म्हणायच्या, "खोकं नाय ते, हात हाय माजा." पण त्या हात काढून घ्यायच्या नाहीत. मावशी लुगडं नेसत असताना सुनेला मी आमच्या पद्धतीनं हात पाठीमागे बांधून उभं करायचे. ते तिला सगळ्यात जड गेलं. मावशींची निरी सुटली की तिचे खांदे पुढे यायचे. एकदा ती मला म्हणाली, "तुम्हाला दया नाही येत का हो?" मी म्हटलं, "येते. म्हणून तर हात मागे." बोलून गेल्यावर मलाच ते ऐकायला नवीन वाटलं.

मावशी घरी गेल्या तेव्हा काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालत होत्या. जाताना हिरवं लुगडं नेसून गेल्या. दादांनी वॉकर सोडून त्यांना नमस्कार केला आणि सिस्टर त्यांच्यावर ओरडल्या.

घरी गेलेल्या पेशंटला भेटायला आमच्यापैकी कोणीतरी जातं. नेमकी हळदीच्या दिवशी मी गेले. नेमकी म्हणजे सुनेनं फोन करून दिवस सांगितला होता. बदलापूरहून रिक्षा केली. गावात शिरतानाच मंडप दिसला आणि स्पीकरवर कसलंसं गाणं मोठ्यानं लागलं होतं. मावशींचं घर मंडपाला लागूनच. आत गेले तर मावशी पलंगाच्या कडेला बसलेल्या आणि सून भिंतीपाशी उभी, हात पाठीमागे. तिनं नवी साडी नेसली होती, गजरा माळला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. सगळे मंडपात होते.

पलंगावर लाल काठाचं लुगडं होतं. सुती, चार-पाच धुण्यांतून काढलेलं. दादांचं ऐकलं होतं तर.

मावशींनी शेव मुठीत दिला, खोकल्याचं खोटं नाटक केलं, आणि आम्हाला तिघींना हसू आलं. मग त्यांनी वेढा घातला. सुटला. पुन्हा घातला. बाहेरून एका बाईनं हाक मारली, "मावशी, चला ना, हलद भिजली." सून खिडकीकडे बघून म्हणाली, "येतायत." तिचे हात मागेच होते, पण कोपरं हलत होती. तिसऱ्यांदा वेढा बसला. मावशींनी बोट घालून टोक ओढलं, आवळलं, उरलेलं टोक आत खोचलं. मग मूठ माझ्यापुढे धरली. मी ती उघडली. शेव सुटला आणि गाठ तशीच राहिली.

सुनेचे डोळे भरून आले होते. "आई, झालं," ती म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत होत्या. "हिकरं ये," त्या म्हणाल्या. "सोड."

"काय सोडू?"

"गाठ. सोड ती."

"आई, आता? बाहेर सगळे थांबलेत. एवढी मारलीत..."

"थांबू दे. तुला सोडता याला पायजे."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी मानेनंच हो म्हटलं. ती खाली बसली, गुडघ्यांवर, नव्या साडीची घडी मोडून. तिनं गाठीला हात लावला आणि एक टोक ओढलं. गाठ आवळली. तिनं पुन्हा ओढलं. ती आणखी आवळली, आणि तिचा चेहरा पडला.

"ते नाय," मावशी म्हणाल्या. त्यांनी उजव्या हातानं तिचं बोट धरलं आणि गाठीच्या आत सरकवलं. "हितं बघ. आत खोचलेलं हाय ते. ते वढ. त्या दिवशी तू भायरलं वढत व्हतीस. भायरलं वढलं का आवलते."

सून हलली नाही. "तुम्हाला माहितीय?" तिनं विचारलं. "त्या दिवशीचं?"

"मग काय. मी हितंच व्हते की, कुटं गेले व्हते?"

मी खिडकीतून मंडपाकडे बघितलं. तिथे कोणीतरी स्पीकर बंद केला होता. मला वाटलं आपण बाहेर जावं, पण दार त्यांच्या पलीकडे होतं. सुनेनं डोळे मनगटानं पुसले आणि आतलं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. लुगडं मावशींच्या मांडीवर सैल पडलं.

"सुटली," ती म्हणाली; हसत की रडत, ते मला कळलं नाही.

"रडतेस काय, येडे. आता बांध. मी नाय परत खोकनार."

ती बांधायला लागली. तिच्या हातांना घाई होती. मावशी म्हणाल्या, "सावकाश." आखूड शेव मुठीत न देता सुनेनं धरला. लांब भाग मावशींच्या उजव्या हातात होता. वेढा मावशींनी घातला, टोक सुनेनं ओढून घेतलं, आवळताना दोघींनी ओढलं. "किती वढतेस, जेवाचंय मना अजून," मावशी म्हणाल्या. निऱ्या मावशींनी एकटीनं घातल्या. काष्टा एकटीनं खोचला. डावा खांदा खाली आलेला असल्यामुळे पदर तिथे ठरत नव्हता. सुनेनं न विचारता स्वतःच्या साडीची पिन काढून तो टाचला, आणि मावशींनी टाचू दिला.

मी हे सगळं हात मागे धरून बघत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग काठी, मग उंबरा, मग अंगण. सून डाव्या बाजूनं, मी मागून. मंडपात मुलगी हळदीच्या पाटावर बसली होती. म्हाताऱ्या बायकांनी सरकून जागा केली, कोणीतरी खुर्ची आणली. मघाशी हाक मारणारी बाई म्हणाली, "काय मावशी, किती उशीर. आमाला वाटलं येत नाय आता."

मावशी खुर्चीत टेकल्या. पदर नीट आहे का ते त्यांनी उजव्या हातानं चाचपून पाहिलं.

"सून लुगरं शिकत व्हती," त्या म्हणाल्या, आणि गायला लागल्या.